नाकारता न येणारा घास

उजाडायला लागलं की खोल तळ्यांतल्या पाणपिसवा खाली जायला निघतात. रात्रभर त्या वरच्या पाण्यात सूक्ष्म शैवालावर चरत असतात. दिवसा मासे डोळ्यांनी शिकार करतात, म्हणून प्रकाश पसरण्याआधी त्या अंधाऱ्या थरात उतरतात आणि संध्याकाळी पुन्हा वर येतात. पाण्यात माशांच्या रसायनांचा माग लागला, तर त्या आणखी खोल जातात. जगातल्या कितीतरी सरोवरांमध्ये ही ये-जा रोज चालू असते. आपली सकाळ सुरू होते तेव्हा त्यांचं रात्रीचं चरणं आटोपलेलं असतं आणि त्या चरण्यात तळ्याचं पुष्कळसं पाणी गाळून झालेलं असतं. आज या पाणपिसवांविषयी बोलावंसं वाटतं, कारण गेली वीसेक वर्षं आपण त्यांच्यासमोर एक नवा घास ठेवतो आहोत, आणि तो नाकारण्याची सोय त्यांच्या शरीरात जवळजवळ नाहीच.

पाणपिसू म्हणजे डॅफ्निया. नावात पिसू असली तरी ती झिंगे-खेकड्यांच्या कवचधारी कुळातली. लांबी दोन-तीन मिलिमीटर, मोठ्या जातीत पाचाच्या आसपास. आपल्याकडच्या पावसाळी डबक्यांत, विहिरींत, शेततळ्यांत तिची नात्यातली मंडळी भरपूर असतात. त्यातल्या ‘मोइना’ची पैदास मत्स्यबीज केंद्रांत माशांच्या पिल्लांना खाऊ घालण्यासाठी मुद्दाम केली जाते. शैवाल पाणपिसू खाते, पाणपिसू लहान मासा खातो, लहान मासा मोठा मासा खातो. तळ्याच्या पाण्यातलं हिरवेपण माशांच्या अंगात उतरतं ते बरंचसं या एवढ्याशा जिवातून.

तिचं शरीर पारदर्शक असतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पाठीजवळ भराभर उडणारं हृदय दिसतं, त्यामागच्या पिशवीत अंडी किंवा वाढणारी पिल्लं दिसतात, आणि अंगातून वळत गेलेली आतड्याची रेघ दिसते. शैवाल खाल्लं असेल तर ही रेघ हिरवी असते. उपाशी असेल तर फिकट. पाणपिसूनं काय खाल्लं ते तिला न कापता, न दुखवता सांगता येतं. ज्या पाण्यात कार्बनच्या नॅनोनळ्या किंवा ग्रॅफीन मिसळलं असेल, त्या पाण्यात ठेवलेल्या पाणपिसूची ही रेघ काळी होते. टोकापासून टोकापर्यंत, गच्च काळी. त्या प्रयोगांची छायाचित्रं पाहिली की आकडे वाचायच्या आधीच काहीतरी बिनसल्याचं कळतं.

तिच्या खाण्याची रीत समजून घ्यायला हवी, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. कवचाच्या आत तिला पानांसारख्या पायांच्या जोड्या असतात. हे पाय सतत हलत राहतात आणि पाण्याचा प्रवाह आत ओढतात. पायांवरच्या बारीक केसांची जाळी मायक्रॉनपेक्षाही कमी अंतराची असते. त्या जाळीत जे अडकेल ते पोटाकडच्या खोबणीत जमा होतं आणि तिथून तोंडाकडे जातं. शैवाल, जिवाणू, मातीचा कण, काहीही. मोठ्या पाणपिसूच्या पायांतून तासाला काही मिलिलिटर पाणी जातं, आणि तिच्या शरीराच्या मानानं हे प्रमाण अफाट आहे. धान्य पाखडणारं सूप फोलपट उडवतं आणि दाणा राखतं, पण चाळणीला फक्त आकार कळतो. पाणपिसूला निसर्गानं चाळण दिली आहे. तिच्याजवळ नकाराचं एकच साधन आहे. शेपटीकडच्या भागाला नखी असते. खोबण तुंबली की ती नखी आत घालते आणि साचलेलं सगळं बाहेर झटकते. पण तसं करताना चांगलं अन्नही बाहेर जातं. एक घास नको म्हणायचा तर तिला सगळंच ताट सारावं लागतं.

आता तो नवा घास कोणता, ते पाहू. कार्बन आपल्या ओळखीचा आहे. काजळी, कोळसा, शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट, हिरा. त्याचं एक वेगळं रूप १९८५ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली, रॉबर्ट कर्ल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना सापडलं. साठ अणूंनी बनलेला पोकळ गोल, बारा पंचकोन आणि वीस षट्कोनांचा. हाच फुलरीन. १९९६ साली त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला, तो ग्रॅफीन. त्यालाही २०१० साली नोबेल मिळालं. फुलरीनच्या गोलाचा व्यास एक नॅनोमीटरही भरत नाही. एकपदरी नळीचा व्यास एक-दोन नॅनोमीटर, पण लांबी त्याच्या हजारो पट असू शकते.

या शोधांचं मला मनापासून कौतुक आहे. नळ्या पोलादापेक्षा ताकदवान आणि वजनाला हलक्या आहेत, वीज उत्तम वाहून नेतात. आज लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या इलेक्ट्रोडमध्ये त्या मिसळल्या जातात, खेळाच्या साहित्यात आणि लेपांमध्ये वापरल्या जातात. धूर सोडणारी वाहनं कमी व्हावीत असं वाटणाऱ्या कोणालाही त्या परक्या वाटू नयेत. म्हणूनच त्यांच्या पुढच्या प्रवासाची काळजी वाटते. वस्तू झिजते, फुटते, कचऱ्यात जाते, कारखान्यातलं पाणी कुठेतरी सोडलं जातं. आणि पाणी उताराकडे जातं, तळ्यात थांबतं.

खरं तर सुटा नॅनोकण पाणपिसूच्या जाळीतून सहज निसटून जाईल इतका लहान असतो. पण हे कण पाण्याशी जुळवून घेत नाहीत. ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजक्यांचा आकार नेमका शैवालाच्या पेशीएवढा होतो. चाळण त्यांना अडवते आणि तोंडाकडे पाठवते.

पाण्यात एखादा पदार्थ किती विषारी, हे तपासण्याची जगभर मान्य झालेली एक पद्धत आहे. जन्मून चोवीस तासही न झालेल्या पाणपिसवा घ्यायच्या, वेगवेगळ्या तीव्रतेच्या पाण्यात ठेवायच्या आणि अठ्ठेचाळीस तासांनी पाहायचं. भांडं हलकेच हलवायचं. पंधरा सेकंदांत जी पोहली नाही ती ‘स्थिर’ म्हणून नोंदवायची. निम्म्या पाणपिसवा ज्या तीव्रतेला स्थिर होतात, तो आकडा पदार्थाच्या नावापुढे लागतो. ही पद्धत उपयोगाची आहे, तिच्यामुळे हजारो रसायनांची तुलना करता आली आणि अनेक घातक द्रव्यांची वेळीच ओळख पटली. पण पंधरा सेकंदांत हललेल्या पाणपिसूचं पुढे काय झालं, हे ती विचारत नाही. पोट काळ्या पुंजक्यांनी भरलं आहे, अंगावर, पोहण्याच्या शिंगांवर काळे धागे चिकटले आहेत, प्रत्येक झटक्याला जास्त जोर लावावा लागतो आहे, शैवाल पोहोचायला आतड्यात जागा नाही, तरी ती हलली. मग ती ठीक असलेल्यांत मोजली जाते.

कार्बनच्या या रूपांबाबत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. सायनाइड जसं पेशीतला श्वासच रोखतं, तसं काही बहुतेक वेळा इथे दिसलेलं नाही. इथे दिसतं ते पोट भरलेलं असताना उपासमार होणं. अन्नाची जागा अडते, पोहण्याचे कष्ट वाढतात, वाढ मंदावते. पाणपिसूला वाढायचं तर दर काही दिवसांनी कात टाकावी लागते, आणि पिल्लंही त्या सुमारासच पिशवीतून बाहेर सोडली जातात. शरीराची शिल्लक कमी पडली तर कात लांबते, पिल्लं कमी होतात. हे सगळं अठ्ठेचाळीस तासांत दिसत नाही. त्यासाठी एकवीस दिवसांची दुसरी चाचणी आहे. त्यात आई रोज पाहायची आणि तिची पिल्लं मोजायची.

या बाबतीत एका संशोधिकेचं काम फार बोलकं आहे. अमेरिकेत डॅलसला सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात ईवा ओबरडॉर्स्टर यांनी २००४ साली फुलरीनचा माशांवरचा परिणाम तपासला. लार्जमाउथ बास जातीचे लहान मासे अठ्ठेचाळीस तास फुलरीनच्या पाण्यात ठेवले, आणि त्यांच्या मेंदूतल्या स्निग्ध द्रव्यांचं ऑक्सिडीकरण झाल्याचं आढळलं. नॅनोपदार्थांमुळे पाण्यातल्या प्राण्याला इजा होते असं दाखवणाऱ्या पहिल्या काही अभ्यासांपैकी हा एक. बातमी जगभर गेली. पण फुलरीन पाण्यात सहज मिसळत नाही. ते मिसळावं म्हणून त्या काळी टेट्राहायड्रोफ्युरान नावाचं द्रावक वापरत आणि नंतर ते काढून टाकत. पुढे २००७ साली झेब्रा माशाच्या अळ्यांवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटानं दाखवलं, की अशा पद्धतीनं बनवलेल्या पाण्यात जे विषारीपण दिसतं, ते फुलरीनपेक्षा त्या द्रावकाच्या विघटनातून उरलेल्या द्रव्यांशी जोडलेलं आहे. पाणपिसवांतही हा फरक लख्ख दिसत होता. द्रावकाच्या वाटेनं बनवलेलं फुलरीन लिटरला एक मिलिग्रॅमच्याही आत त्यांना मारत होतं, तर नुसतं पाण्यात दीर्घकाळ ढवळलेलं फुलरीन पस्तीस मिलिग्रॅमपर्यंतही निम्म्या पाणपिसवा मारू शकलं नाही.

इथे अनेकांनी सुस्कारा टाकला असता. फुलरीन निर्दोष ठरलं, प्रकरण मिटलं. पण ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीच, २००६ साली, द्रावक टाळून, नुसत्या ढवळलेल्या फुलरीननं एकवीस दिवसांची चाचणी केलेली होती. अडीच आणि पाच मिलिग्रॅमला पाणपिसवांची कात लांबली आणि पिल्लं लक्षणीयरीत्या घटली. पहिली भीती जिथे होती तिथून सरकली, आणि तिच्या मागे लपलेलं दुसरं, हळू चालणारं नुकसान दिसलं. विज्ञानातला प्रामाणिकपणा म्हणतात तो मला या दोन निष्कर्षांच्या शेजारी-शेजारी असण्यात दिसतो. जे फुलरीननं केलेलं नाही ते त्याच्या माथी मारायचं नाही, आणि जे केलं आहे ते झाकायचं नाही.

नॅनोनळ्यांच्या बाबतीतही हाच विवेक लागतो. या नळ्या वाढवण्यासाठी कोबाल्ट, निकेल, लोह अशा धातूंचे कण उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्यांचा अंश नळ्यांत राहून जातो. झेब्रा मासा हा गंगेच्या खोऱ्यातला, भातखाचरांतही पोहणारा, आपल्या उपखंडाचाच मासा. त्याच्या अंड्यांवर २००७ साली एकपदरी नळ्यांचा प्रयोग झाला. पिल्लं अंड्यातून बाहेर यायला उशीर झाला. पण कवचाची छिद्रं इतकी लहान, की नळ्यांचे पुंजके आत गेलेच नव्हते. संशोधकांचा रोख नळ्यांत उरलेल्या कोबाल्ट आणि निकेलकडे होता. म्हणजे तीच नळी स्वच्छ करून विकली तर एक परिणाम, न करता विकली तर दुसरा. हा फरक कारखान्यात ठरतो. तळ्यातल्या कोणाच्याच हातात तो नसतो.

नळ्यांच्या आकारामुळे आणखी एक शंका येते. सुईसारखी लांब, टोकदार वस्तू आतड्यात गेली तर ती भिंत भेदून शरीरात शिरेल का? या प्रश्नाला पाणपिसूच्याच शरीरात एक जुना इतिहास आहे. इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञानं १८८४ साली पाणपिसवांच्या एका बुरशीजन्य रोगाचं वर्णन केलं. त्या बुरशीचे बीजाणू सुईसारखे असतात. पाणपिसू ते गिळते, ते आतड्याची भिंत टोचून शरीरपोकळीत घुसतात, आणि मग तिच्या रक्तातल्या पेशी धावून येऊन त्या सुयांना वेढतात, गिळतात, विरघळवतात. पारदर्शक शरीरामुळे हे सगळं जिवंतपणी पाहता आलं. शरीराचं संरक्षण करणाऱ्या भक्षकपेशींची कल्पना उभी राहिली त्यात या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे, आणि १९०८ साली मेचनिकॉव्हला नोबेल मिळालं. आपल्या प्रत्येकाच्या रक्तात आत्ता या क्षणी जे चाललं आहे, ते समजण्याची एक वाट या नगण्य जिवाच्या पोटातून गेली आहे.

मग नळ्यांचं काय झालं? ते शोधणं अवघड होतं, कारण पाणपिसूचं शरीरही कार्बनचंच. कार्बनमध्ये कार्बन कसा ओळखायचा? यावर उपाय म्हणून किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून नळ्या मुद्दाम तयार केल्या गेल्या, म्हणजे त्यांचा माग काढता येईल. अमेरिका आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी २००९ साली अशा नळ्या पाणपिसवांना दिल्या. नळ्या मोठ्या प्रमाणात पोटात गेल्या, पण आतड्यातच राहिल्या. ऊतींत शिरल्याचं दिसलं नाही. भिंत शाबूत होती. हा दिलासाच आहे आणि तो तसाच मोकळेपणानं सांगितला पाहिजे. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. या पाणपिसवा स्वच्छ पाण्यात सोडल्या, तरी त्यांना पोट रिकामं करता येईना. स्वच्छ पाणी पुरेसं नव्हतं. आतड्यातला माल पुढे ढकलायला मागून अन्न यावं लागतं.

पाणपिसू या सगळ्यात नुसती सोसणारी नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. क्लेमसन विद्यापीठातल्या एका अभ्यासात नळ्यांना स्निग्ध द्रव्याचा लेप दिला होता, म्हणजे त्या पाण्यात तरंगत राहाव्यात. पाणपिसवांनी त्या गिळल्या, लेप पचवून टाकला आणि उघड्या पडलेल्या नळ्या बाहेर सोडल्या. त्या नळ्या एकमेकींना चिकटून तळाशी बसल्या. माणसानं विचारपूर्वक दिलेला गुण या जिवानं खाऊन टाकला आणि पदार्थाचं पाण्यातलं वागणंच बदललं. कारखान्याच्या कागदावर लिहिलेला पदार्थ आणि तळ्यात चार दिवस राहिलेला पदार्थ हे एक नव्हेत.

तळ्याचं पाणीसुद्धा प्रयोगशाळेच्या पाण्यासारखं नसतं. कुजलेल्या पानांतून, मातीतून उतरलेली तपकिरी ह्युमिक द्रव्यं त्यात असतात. ती नळ्यांभोवती गुंडाळतात आणि त्यांना खाली बसू देत नाहीत. ज्या नळ्या शुद्ध पाण्यात काही तासांत तळ गाठतील, त्या नदीच्या पाण्यात कितीतरी दिवस तरंगत राहू शकतात, म्हणजे चाळणीच्या वाटेत राहतात. शिवाय कार्बनचा पृष्ठभाग इतर रसायनांना ओढून घेतो. डेन्मार्कमध्ये फुलरीनच्या पुंजक्यांबरोबर वेगवेगळी प्रदूषकं देऊन पाहिली. धुरातून आणि डांबरातून येणारं फिनँथ्रीन फुलरीनच्या सोबतीनं जास्त घातक झालं, पेंटाक्लोरोफिनॉलची धार उलट थोडी कमी झाली, आणि मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकावर काहीच परिणाम झाला नाही. तीन पदार्थ, तीन उत्तरं. ‘नॅनो म्हणजे विष’ किंवा ‘नॅनो म्हणजे फक्त काजळी’ असं एका दमात बोलणाऱ्या कोणावरही त्यामुळे माझा विश्वास बसत नाही.

आणि मात्रेचं काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. प्रयोगांत जी तीव्रता वापरतात ती बहुधा लिटरला मिलिग्रॅमच्या घरात असते. नद्या-तळ्यांत आज या नळ्या किती असाव्यात याचे अंदाज युरोप-अमेरिकेसाठी गणितानं बांधले गेले, ते लिटरला नॅनोग्रॅमच्या घरातले किंवा त्याहून कमी आले. दोन्हींत दहा लाख पटींचं अंतर आहे. म्हणजे आज सकाळी तळ्यात खाली निघालेल्या पाणपिसूचं आतडं या नळ्यांनी काळं झालेलं असण्याची शक्यता फारच कमी. कोणाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पण हे अंदाज मोकळ्या वाहत्या पाण्याचे. कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी, सांडलेल्या मालाजवळ, गाळात परिस्थिती वेगळी असू शकते, कारण जे खाली बसतं ते वर्षानुवर्षं साचत जातं. गाळातले जीव तिथेच राहतात. चिखल गिळत जगणारे बारीक जलकृमी, डासासारख्या चिलटांच्या लाल अळ्या, अशा कितीतरींचं घरच तिथे. मोजणंही सोपं नाही, कारण त्याच गाळात शेकडो वर्षांची चुलीची, वणव्यांची, आणि आता डिझेलची काजळी आहे. काळ्यातून काळं निवडायचं. अशा वेळी नुकसान दिसेपर्यंत थांबू म्हणणं मला पटत नाही. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत माणसांच्या फुप्फुसांनी ती वाट पाहिलेली आहे, आणि त्या तंतूंमुळे होणाऱ्या रोगांची नावं आजही मृत्यूच्या दाखल्यांवर लिहिली जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की निवड करण्याची ताकद जिथे आहे, तिथे ती केली गेली पाहिजे. पाणपिसूच्या चाळणीला निवडता येत नाही, पण नळ्या बनवणाऱ्याला येतं. धातूचा अंश काढायचा की ठेवायचा, लेप कोणता द्यायचा, धुण्याचं पाणी कुठे सोडायचं, जुन्या बॅटरीतून सुटलेली काळी पूड कोणाच्या हातून आणि कशी हाताळली जाईल, हे सगळे निर्णय माल बाजारात जाण्याआधी घेता येतात. आपल्या शहरांच्या कडेला भंगार वेचणारी माणसं उद्या याच बॅटऱ्या फोडतील. पाणपिसूची काळजी आणि त्या माणसांची काळजी मला वेगळी करता येत नाही. दोघांच्याही समोर जे येतं ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं असतं. आणि तपासणीच करायची तर पंधरा सेकंदांवर न थांबता एकवीस दिवसांची करावी, आणि शुद्ध पाण्याबरोबर नदीच्या तपकिरी पाण्यातही करावी. खर्च वाढेल. तो तळ्यांवर टाकण्यापेक्षा पदार्थाच्या किमतीत धरला गेला तर बरं.

ग्रॅफीनबाबतचा एक अभ्यास मला या सगळ्यात विसरता येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ग्रॅफीनलाही कार्बन-१४ ची खूण लावली होती. मात्रा होती लिटरला अडीचशे मायक्रोग्रॅम, म्हणजे जुन्या प्रयोगांपेक्षा बरीच कमी. चोवीस तासांत पाणपिसवांच्या अंगात त्यांच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ एक टक्का ग्रॅफीन साठलं. मग त्यांना स्वच्छ पाण्यात हलवून शैवाल आणि ह्युमिक द्रव्यं दिली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रॅफीन बाहेर पडलं. म्हणजे ज्या तळ्यात भरपूर शैवाल आहे, खऱ्या अर्थानं जिवंत आहे, त्या तळ्यात पाणपिसूला सुटण्याची संधी आहे. थोडं ग्रॅफीन मात्र आत राहिलंच. आणि आयांच्या पिल्लांमध्येही ते आढळलं. ते आईकडूनच गेलं असावं असं संशोधकांचं म्हणणं आहे. पाणपिसूचं पिल्लू साधारण दहा दिवसांत स्वतः आई होतं. त्या पिल्लांना स्वच्छ पाण्यात वाढवून, त्यांची पिल्लं आणि त्या पिल्लांची पिल्लं कोणीतरी नीट मोजायला हवीत.